सायलेंट कॉम्प्रेसर आणि एक निळा मोजा

त्या रविवारी मी मशीन दुरुस्त करायला बसलो नसतो, तर घोडा पांढराच राहिला असता. पण सुट्टी होती, जेवण जरा जास्तच झालं होतं आणि सकाळपासून घरात माझं कुणी ऐकत नव्हतं. अशा वेळी माणसाच्या अंगात कर्तृत्व संचारतं.

(ऐकत नव्हतं म्हणजे काय, तर माझा एक मोजा हरवला होता. मला गार फरशी सोसत नाही, म्हणून मी घरातही मोजे घालतो, झोपतानासुद्धा. शनिवारी दुपारी झोपलो तेव्हा पायात दोन होते, उठलो तेव्हा एकच. आईला विचारलं, बायकोला विचारलं, दोघींवर थोडा आवाजही चढवून पाहिला. शेवटी डाव्या पायात निळा आणि उजव्यात करडा घालून हिंडत होतो.)

बायको लाकडी खेळणी बनवते. मागची खोली हा तिचा कारखाना. रंगाचा फवारा मारायला दाबाची हवा लागते, म्हणून तिथे कॉम्प्रेसर आहे. आधीचा सुरू झाला की भिंतीवरचं घड्याळ तिरकं व्हायचं आणि माझ्या झोपेचं खोबरं. मी हट्टच धरला, तेव्हा तिने हा छोटा सायलेंट घेतला. फ्रीजइतकाच आवाज. तरी नीट कान दिला की बारीक फुसफुस येतेच, हे मी तिला येता-जाता ऐकवायचो.

"तुमच्या घोरण्यापुढे तुम्हाला ती ऐकू येते तरी कशी?" ती म्हणायची.

मी घोरत नाही. निदान मी तरी कधी ऐकलेलं नाही.

तर घोडा. मुलांच्या नाटकासाठी कंबरेएवढा उंच, पांढराशुभ्र. संध्याकाळी नाटकवाले तो न्यायला येणार होते. चंदेरी आयाळ तेवढी फवारायची राहिली होती आणि नेमकी तेव्हाच मशीनने मान टाकली. दाबाचा काटा वर चढेचना. मशीन थोडा वेळ घरघरलं, तापलं आणि आपोआप बंद पडलं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, उद्या येतो. बायकोचा चेहरा एवढासा झाला. हे तिचं पहिलं मोठं काम. जमलं तर त्यांच्या पुढच्या सगळ्या नाटकांचं काम तिच्याकडे येणार होतं.

"पलीकडच्या गल्लीतल्या सुताराकडे कॉम्प्रेसर मिळतो का बघते," ती चपला घालत म्हणाली. "आणि तुम्ही कशालाही हात लावू नका."

आता नवऱ्याला असं सांगितल्यावर तो काय करणार?

मला मशीनमधलं अगदीच कळत नाही असं नाही. विमा कंपनीत मी जळालेल्या कॉम्प्रेसरचे कितीतरी दावे निकालात काढलेत. त्या अनुभवावरून एवढं ठाऊक होतं, की टाकीत पाणी साठतं आणि ते खालच्या तोटीतून काढायचं असतं. टाकीत हवा असताना तोटी हळू उघडायची असते, हे मात्र दाव्यात कुणी लिहीत नाही.

मी तोटी गर्रकन फिरवली. फर्र्र! गंजाचं तपकिरी पाणी सुसाट सुटलं ते थेट घोड्याच्या पोटावर, मांडीवर आणि एका डोळ्यात.

"अगं बाई!" दारात मटार सोलत बसलेली आई म्हणाली. "घोड्याला गोवर आला रे!"

मी घाईघाईने तोटी बंद केली (असं मला वाटलं) आणि घोड्याकडे पाठ फिरवली. म्हटलं, आधी मशीन सुरू होऊ दे, मग डागांचं बघू. बटण दाबलं. मशीन लागलं, पण कुठूनतरी सूंऽऽ असा आवाज यायला लागला.

"गळती!" मी ओरडलो. "आई, रोग सापडला!"

गळती शोधायला साबणाचा फेस लावतात. मी माझा दाढीचा ब्रश आणला आणि मशीनला दाढीला बसवल्यासारखं फासलं. नळी, सांधे, काटा, काही सोडलं नाही. मागची बाजू भिंतीला लागून होती, तिथे नुसता हात घातला. हाताला काहीतरी मऊ, लोकरीसारखं लागलं. कंपनीने आवाज दाबायला बसवलेलं असणार. महागाचं मशीन ते, उगाच नाही एवढं शांत! मी ते आदराने तसंच राहू दिलं.

बुडबुडा कुठेच दिसेना.

"अरे, फेस ओघळून खाली गेलाय बघ. तोटीतून फुगे येताहेत," आई म्हणाली. "ती मघाशी तूच उघडलीस ना?"

म्हणजे इतका वेळ मी जो रोग शोधत होतो, तो मीच लावलेला होता. मी तोटी घट्ट केली. सूं थांबलं. काटा मात्र जागचा हलेना, आणि मशीन पुन्हा तापून बंद पडलं.

तेवढ्यात बायको रिकाम्या हाताने परतली. गोवर आलेला घोडा, फेसाने माखलेलं मशीन आणि ब्रश घेऊन उभा असलेला नवरा, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, मी फक्त पाणी काढलं…"

"बाजूला व्हा."

तिने डोळे पुसले, मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागे वाकून बघितलं. बघतच राहिली.

"अहो, ह्याला हवा कुठून मिळते?"

"फिल्टरमधून," मी ताठ होत म्हणालो. (शेवटी विम्यातला अनुभव!)

"मग फिल्टरवर हे काय आहे?"

तिने ओढून काढलं. मोजा. निळा. फिल्टरच्या डबीवर टोपीसारखा घट्ट चढवलेला.

आई मटार सोडून माझ्या पायांकडे बघायला लागली. आणि मला हळूहळू आठवायला लागलं. शनिवारची दुपार, ती फुसफुस, अर्ध्या झोपेत उठलेला मी, पायातून उपसलेला मोजा… आणि नंतर लागलेली ती गाढ झोप! मशीन बिचारं कालपासून नाक दाबल्यासारखं चाललं होतं.

मशीन निवलं तसं बायकोने बटण दाबलं, आणि काटा सरसर वर चढला. तिने डाग पुसले, घोडा पुन्हा पांढरा केला, आयाळ फवारली. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. (हातही लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.) नाटकवाले आले तेव्हा आयाळ जेमतेम वाळली होती. त्यांना घोडा इतका आवडला की जाता-जाता त्यांनी एक हत्तीही सांगितला. बायकोचा चेहरा असा फुलला, की मी मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं.

"मशीन बिघडलं होतं म्हणे?" त्यांनी विचारलं.

"घशात मोजा अडकला होता," बायको म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. ते तसेही माझ्या पायांकडेच बघत होते.

पुढच्या रविवारी दुपारी आडवा व्हायला गेलो, तर उशाशी तो निळा मोजा, धुऊन घडी करून ठेवलेला.

"हा इथे कशाला?"

"असू दे," बायको म्हणाली. "आवाज कसा बंद करायचा ते तुम्हीच दाखवलंत. घोरायला लागलात की शोधाशोध नको."

तेव्हापासून मी तोंड घट्ट मिटून झोपतो.