भूल दिलेली हिरवळ

उद्यानातला व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला आणि शिक्षा डॉक्टर गायकवाडांना झाली. मी तिथंच उभा होतो, तोंड मिटून. त्यामुळे डॉक्टरांविषयी जे हसण्यासारखं आहे, तेही मला जरा खालमानेनंच सांगावं लागणार.

डॉक्टर निवृत्त भूलतज्ज्ञ. धायरीतल्या आमच्या उद्यानात ते रोज सकाळी रोपाच्या बुंध्याशी बसत, मातीत बोट खुपसत आणि नाडी बघावी तसे डोळे मिटत. माती ओली लागली की माळ्याला सांगत, "ह्यांना आज उपाशी ठेवा." उतारावर त्यांनी कडुनिंब आणि करंज लावले होते. प्रत्येक रोपाशेजारी काठी, काठीला टांगलेली सलाइनची बाटली, नळी मुळाशी. नळीवरची चाकी फिरवत, थेंब कमी-जास्त करत ते वॉर्डात राउंड घ्यावा तसे हिंडायचे. नवीन माणूस फाटकातच दबकून विचारायचा, "इथं काय झालंय?"

"तहान की सवय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तो माणसांनाही. टपरीवर कुणी दुसरा चहा मागितला की मागून आवाज यायचाच.

उन्हाळ्यात उद्यानाला टँकरनं येणारं, सांडपाणी शुद्ध केलेलं पाणी मिळतं. टाकी एकच. ती सगळी उताराला द्यायची आणि हिरवळ खुशाल वाळू द्यायची, हा डॉक्टरांचा हुकूम.

"अहो, मेली ती!" मी म्हणायचो.

"मेली नाही. भूल दिलीय. पावसाळ्यात उठेल. उठवायचा अनुभव आहे मला."

अशात आमच्या हास्यक्लबाचा वर्धापनदिन आला. मी चिटणीस. फोटो काय पिवळ्या गवतावर काढायचा? आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना सदाशिव पेठेत डोळे तपासायला जायचं होतं. व्हॉल्व्हच्या पेटीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "फक्त उतार. हिरवळीला हात लावू नका, शिंदे."

मी लावला. थोडंसंच पाणी सोडू म्हणून. तेवढ्यात फोटोवाल्याचा फोन आला. बोलता बोलता मी पेटीला कुलूप घातलं, घरी जाताना किल्ली डॉक्टरांच्या दाराखालून आत सरकवली. व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला.

सकाळी हिरवळीत चपला रुतत होत्या आणि टाकी कोरडी. पुढचा टँकर आठवडाभर तरी येणार नव्हता.

"पेटीला कुलूप हाय," वॉचमन म्हणाला. "किल्ली डॉक्टरांकडंच असती."

उद्यान समितीच्या अध्यक्षा देशमुखबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, आम्हाला थेंब मोजायला लावता आणि स्वतः तळं केलंत. आता बदकं तेवढी मागवा."

सगळे हसले. आमच्या क्लबाचं ते पहिलंच मनापासूनचं हसू असावं.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझ्या जिभेवर शब्द होता, तो तिथंच राहिला. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. "चूक झाली," म्हणाले. कुणाची, ते बोलले नाहीत.

ऊन चढलं की करंजाची पानं लोंबायची. डॉक्टर घरून बाटल्या भरून आणू लागले. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी. पिशवी घेऊन उतार चढताना त्यांना धाप लागायची. मी रोज लांबून बघायचो आणि रोज ठरवायचो, उद्या सांगू. एका सकाळी मात्र राहवलं नाही. मी जाऊन पिशवी धरली. त्यांनी सोडली नाही, तेव्हा एकेक बंद धरून आम्ही वर गेलो.

"डॉक्टर, माझं नाव का घेतलं नाहीत?"

"घेतलं असतं तर तुम्ही परत इकडे फिरकला नसता." ते चाकी फिरवत थेंब बघत होते. "शिंदे, पेशंट माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि झोपायचे. उठल्यावर आभार सर्जनचे. आता घरी तर तेवढंही नाही. सकाळी येऊन माझ्याशी वाद घालणारे तुम्ही एकटेच आहात."

कोपऱ्यातला एक करंज वाळून गेला होता. डॉक्टरांनी त्याच्या मातीत बोट घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबाचं वर्तुळ जमलं. हसायला सगळ्यांचे हात वर गेले. मी म्हणालो, "थांबा."

"आता हे काय नवीन आसन?" देशमुखबाई म्हणाल्या.

"त्या संध्याकाळी किल्ली माझ्याकडे होती. व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला. डॉक्टरांना ते माहीत होतं."

हात तसेच वर राहिले. उतारावर डॉक्टर पाठमोरे वाकले होते. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "डॉक्टर, मला माफ करा. तो करंज माझ्यामुळे गेला. आणि त्या दिवशी मी तुम्हाला एकटं उभं राहू दिलं, ते त्याहून वाईट झालं."