शशीभाऊंची बिल्वदल सिस्टिम्स

माझ्या साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास खाऊन शशीभाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, तृप्ती. तेवढ्यात म्हणाले, "वहिनी, प्रॉडक्ट उत्तम आहे. पण हे स्केल होईल का?"

म्हणजे आज चौघांना पुरलेली खिचडी उद्या चार हजारांना वाढली तरी अशीच मोकळी होईल का? जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा हाच प्रश्न. गल्लीतल्या कचौडीवाल्यालाही त्यांनी विचारलं होतं. तो कढईतून मान वर न करता म्हणाला, "गुरु, दुपहर से पहिले सब खतम हो जाता है. और का चाही?"

"बघा," शशीभाऊ हळहळले, "व्हिजनच नाही."

आम्ही उत्तरेत गंगेकाठच्या ब्रह्माघाटावरची मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या कुणी वेद शिकवले, कुणी पूजा सांगितल्या, अलीकडे बँकेत नि शाळेत चिकटलो. आमच्यातलं कुणी सॉफ्टवेअरची कंपनी काढेल असं कुणाच्या पत्रिकेत नव्हतं. शशीभाऊ पुराणिक म्हणजे पन्नाशीचा एकटा जीव. लग्न केलं नाही. आई होती, ती गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांनी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली नोकरी सोडून घराच्या माडीवर 'बिल्वदल सिस्टिम्स' थाटली. बेलाला तीन पानं, तशी सॉफ्टवेअरला तीन अंगं: हजेरी, पगार आणि भांडार. मोठमोठ्या संस्थांनी ते घ्यावं, अशी महत्त्वाकांक्षा.

सॉफ्टवेअर लिहायची शेजारच्या गोविंदशास्त्र्यांची मीनल, नुकतीच इंजिनिअर झालेली. मी शाळेत हिंदी शिकवणारी, म्हणून ते वापरायचं कसं याची पुस्तिका माझ्याकडे. एवढीच कंपनी. पण फोनवर शशीभाऊ म्हणायचे, "एक मिनट, हम अपने डॉक्युमेंटेशन डिपार्टमेंट से पूछते हैं," आणि डिपार्टमेंट मटार सोलता सोलता मान हलवायचं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक साड्यांचा व्यापारी, गावोगावी दुकानं असलेला. तो माडीवर आला, काम बघायला बसला आणि नेमकी माकडांनी इंटरनेटची तार कुरतडली. मी देवाचं नाव घेतलं. शशीभाऊ शांत. "सेठजी, यही तो दिखाना था. नेट गया, हाजिरी चालू है!" आणि खरंच चालू होती. लहानपणापासून माकडांच्या शेजारात वाढलेल्या मीनलनं नेट नसतानाही सगळं चालेल अशीच रचना केली होती. सेठजींनी तिथेच होकार दिला.

त्यानंतर गच्चीवर काठी घेऊन रामधनी नावाचा माणूस बसू लागला. त्याचं पद 'हेड, नेटवर्क सिक्युरिटी'. एका कारखान्याच्या साहेबांनी फोनवर सुरक्षेची चौकशी केली तेव्हा शशीभाऊ ठामपणे म्हणाले, "सर, दिन भर छत पर तैनात है."

कंपनी वाढली. माडी पुरेना, म्हणून खालचा मजला गेला, मग शेजारचं घर. जिन्यावर चपलांचा ढीग. पंचगंगा घाटावर निघालेले यात्रेकरू चपला बघून मंदिर समजून वर यायचे आणि लॅपटॉपसमोर वाकलेली पोरं बघून नमस्कार करून परत जायचे.

शेवटी गुरगावची एक मोठी कंपनी बिल्वदल विकत घ्यायला आली. कोटातले दोघं जण. आमच्या गल्लीत एक सांड आडवा बसलेला. त्याच्या मागे ते ताटकळत उभे. शशीभाऊ सामोरे गेले आणि म्हणाले, "ये हमारे सबसे पुराने स्टेकहोल्डर हैं. इनकी मंजूरी के बिना कोई आगे नहीं जाता."

सांडाची मंजुरी मिळाली. सौदाही झाला. अट एकच होती, सगळी कंपनी त्यांच्या नोएडाच्या ऑफिसात हलवायची. पोरं तर आनंदानं नाचली. शशीभाऊंना 'मेंटर' करून इथेच ठेवलं. ते हसून म्हणाले, "आम्ही जुनं मशीन. जागेवरून हलवलं की बंद पडतं."

अडली फक्त मीनल. गोविंदशास्त्री तिला सोडायला तयार होईनात. शशीभाऊ मला म्हणाले, "चला वहिनी. मीटिंग आहे."

शास्त्रीबुवा पाटावर बसले होते. मीनल दाराशी उभी. शशीभाऊंनी ग्रोथ, रोडमॅप, लीडरशिप असं सुरू केलं.

"शशी, मराठीत बोल," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि तू कुठे गेलास? तुला तर बंगळुरूची नोकरी चालून आली होती. आईपाशी राहिलासच ना? मी पोरीला तुझंच उदाहरण देतो."

शशीभाऊंनी रोडमॅप तिथेच सोडला.

"दादा, मी राहिलो नाही हो," ते म्हणाले. "मी थांबलो होतो."

"कशासाठी?"

"आईनं एकदा जा म्हणावं म्हणून. ती रोज विचारायची, जेवलास का. जा कधी म्हणाली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मग तीच गेली. आता मला जा म्हणणारं कुणी नाही." त्यांनी दाराकडे बघितलं. "हिला तुम्ही आहात."

शास्त्रीबुवा उपरण्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "अरे, आपल्यात जा म्हणतात का कुणाला? ये म्हणतात."

"मग तसं म्हणा. पण म्हणा."

शास्त्रीबुवांचा आवाज नेहमी सबंध घाटाला ऐकू जायचा, पण तेव्हाचा त्यांचा शब्द मला जेमतेम ऐकू आला. "ये, बाळ."

मीनलला पोचवायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. ती वडिलांच्या पाया पडली, मग शशीभाऊंच्या. "काका, येते हं."

"ये," ते म्हणाले. एवढंच.

गाडी सुटली. शास्त्रीबुवा डोळे पुसत जिन्याकडे वळले. शशीभाऊ मात्र तिथेच उभे. मी म्हटलं, "चला."

"हो," ते म्हणाले आणि हललेच नाहीत. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वहिनी, 'येते' असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरातून लांब जाणारं कुणी नव्हतंच ना."