वॉटर्लूच्या लढाईचे आभारप्रदर्शन

लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाने वॉटर्लूच्या लढाईवरचा जर्मन मूकपट दाखवायचे ठरवले, तेव्हा कार्यकारिणीत एकच गंभीर शंका निघाली : मूकपटात बोलणार कोण? अध्यक्ष रघुवीर म्हणाले, "मी आहे ना."

खरे तर कुणी बोलायचेच नव्हते. पडद्याशेजारी बसून पुरुषोत्तमकाका पेटी वाजवणार होते. अख्खा हिवाळा त्यांनी तोफांना आणि घोड्यांना सूर शोधले. बोटे आखडत चालली होती. "एवढं एकदा वाजवतो, मग पेटी माळ्यावर," ते म्हणाले होते. नात तनू एजवेअरहून मुद्दाम आली होती. तिने आजोबांची पेटी कधी ऐकलीच नव्हती.

हॉल सोमवारचाच मिळाला. सोमवारी माझा उपास आणि मौन. अध्यक्षांनी मला पहिल्या रांगेत बसवले. मूकपटाला असाच प्रेक्षक हवा, म्हणे.

आधी दीपप्रज्वलन. फायर अलार्मच्या भीतीने समई बॅटरीची आणलेली. नवे सेल येईपर्यंत सगळे हात जोडून उभे. मग स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचे स्वागत. जर्मन पाहुणा मिळाला नाही, म्हणून जर्मन गाडी चालवणाऱ्या साकेतचा सत्कार झाला. कुणी दुखावू नये म्हणून उरलेल्यांनाही शाली वाटल्या.

"रघुवीर, नऊला हॉल बंद होतो हो," काका हळूच म्हणाले.

"काका, मूकपट आहे. त्याला कितीसा वेळ लागतो? बोलायचंच नाही कुणाला!"

"आजोबाचा पेटी कधी येणार?" तनूने तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत विचारले.

"आभार झाले की लगेच, बेटा."

आभार मानता मानता अध्यक्षांनी लढाई शेवटासकट सांगून टाकली. जर्मन सेनापती संध्याकाळी उशिरा पोहोचला आणि श्रेय घेऊन गेला, हे सांगताना तासभर उशिरा आलेले अध्यक्ष जराही अडखळले नाहीत.

अखेर पडदा उजळला. काकांनी भाता उघडून पहिला सूर धरला. नेपोलियन घोड्यावर बसला, आणि केअरटेकरने हॉलचे दिवे लावले.

"सॉरी फोक्स. टाइम!"

"अविस्मरणीय!" अध्यक्ष माइकवर ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी भाता मिटला आणि पेटीला खोळ घातली. "बस? एवढाच?" तनू म्हणाली, पण तोवर सगळे बटाटेवड्यांकडे वळले होते.

"काय वहिनी, कुणाची काही तक्रार?" अध्यक्षांनी मला विचारले.

मी नकारार्थी मान हलवली. खरोखरच कुणी केली नव्हती. माझे सोमवारचे मौन होते. मागच्या रांगेत शाल पांघरून तुम्हीही बसला होतात. तुमचे कुठले व्रत होते?