मुकादम साहेबांचा ओटा

साइटवर जायचं ठरलं की मुकादम साहेब आधी म्हातारे होत. हा कार्यक्रम गाडीच्या मागच्या सीटवर चाले. दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज करकचून आवळायचं, कानांत कापसाचे बोळे कोंबायचे, चष्म्याच्या काचांना व्हॅसलिन फासायचं आणि हातात तांदळाची जड पिशवी घ्यायची. मग दार उघडून साहेब खाली उतरत आणि कण्हत-कुंथत अख्ख्या चौकाला फेरी मारून येत. गंमत म्हणजे ते स्वतः साठीला टेकलेले होते. पण दर शुक्रवारी केसांना कलप लावत असल्यामुळे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसे.

"बाय, मिक्सर घेताना दुकानदार चालवून दाखवतो की नाही? मग चौक कसा न चालवता द्यायचा?" ते मला विचारत.

शारजातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत मी त्यांच्या हाताखाली होते. बागा, चौक, पदपथ यांचे नकाशे करणं हे आमचं काम. साहेब मूळचे दापोलीकडचे. मुंबईत आर्किटेक्चर शिकले आणि ऐन तारुण्यात आखातात आले ते इथलेच झाले. पत्नी, म्हणजे भाभी, वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन कॅनडात होती, आणि साहेब एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. मी पुण्याची. त्यामुळे सुरुवातीला बरेच दिवस, आपण समोरच्याला सांभाळून घेतोय असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

एकदा त्यांचं ते रूप बघून एका बिल्डिंगचा पेशावरी वॉचमन धावत आला. "चाचा, आराम से, आराम से," म्हणत त्याने साहेबांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. तोही नको त्या दिशेला. वर स्वतःची पाण्याची बाटली दिली. मला वाटलं, साहेब आता ओशाळतील. कसलं काय! कानातला कापूस काढत पलीकडून ओरडले, "बघितलंस? ह्या माणसाला मला धरावं लागलं, म्हणजे ह्या फुटपाथात खोट आहे! यल्ला, लिहून घे!"

लोक बाकावर बसून बघतात, साहेब त्यावरून उठून बघत. "बसवतं कुणीही. उठवतं कोण, ते सांग!" हे वाक्य मी दिवसातून निदान एकदा ऐकलं असेल. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये आमची बाकं बनत. तिथे गेले की साहेब प्रत्येक अर्धवट बाकड्यावर बसत, मग गुडघ्यांवर जोर न देता उठायची खटपट करत. हात टेकायला दांडा नसला की हात वर करून जाहीर करत, "खलास! म्हातारा अडकला!" वेल्डर मंडळी काम थांबवून हा तमाशा बघत. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा नवा सोफा हौसेने दाखवला. साहेब त्यात बसले, रुतले, आणि तिथूनच माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही विहीर कुठून आणलीत?" नवरा त्यानंतर आठवडाभर त्यांचं नाव काढू देत नव्हता.

अशा माणसाच्या हाती अल मजाज वस्तीच्या मागच्या बाजूचा एक चौक आला. चार-पाच टॉवरच्या मधली मोकळी जागा; त्यातल्याच एका टॉवरमध्ये साहेब राहत आणि दुसऱ्या एकात आम्ही. टॉवरमध्ये राहणारे सगळे आपल्यासारखे, आणि थंडी सुरू झाली की प्रत्येक घरात कुणाचे ना कुणाचे आईवडील व्हिजिट व्हिसावर येऊन दाखल. सकाळ-संध्याकाळ ही मंडळी लिफ्टने खाली येत, दारात उभी राहत, आणि बसायला काही नाही हे बघून लिफ्टने वर जात.

साहेबांनी आराखडा केला. पाठीची, हातांची लाकडी बाकं, समोरासमोर. वर दाट सावली. टॉयलेट जवळ. आणि हे सगळं किराणा दुकानाच्या, म्हणजे इथल्या बकालाच्या, तोंडाशी. जिथे माणसं येतात-जातात तिथेच. क्लायंटचा मॅनेजर तरुण होता, आणि त्याने आपल्या कॉम्प्युटरवर पांढऱ्या दगडाचे गुळगुळीत चौकोनी ठोकळे आधीच मांडून ठेवले होते. ना पाठ, ना हात.

"मिस्टर मुकादम, क्लीन लाइन्स! बाकं काय, हॉस्पिटलसारखी दिसतील."

"हबीबी, तुझ्या ह्या ठोकळ्यावर माझी आई बसली ना, तर क्रेन बोलवायला लागेल," साहेब म्हणाले.

मीटिंग फिसकटली. परतीच्या वाटेवर साहेब आपणहून बोलायला लागले.

"आमच्या घराला ओटा होता, बाय. दोन्ही अंगांना शेणाने सारवलेला, मधून पायऱ्या. दुपारची जेवणं झाली की वाडीतल्या सगळ्या बायका अम्माकडे. कोण सुकट निवडतेय, कोण गोधडीला टाके घालतेय, कोण नुसतीच दुसरीची उणीदुणी काढतेय. मी शाळेतून आलो की त्या आवाजावरनं मला लांबून कळायचं, अम्मा घरी आहे." सिग्नल सुटला तशी त्यांनी गाडी पुढे काढली. "मग मी इथे आलो. चार पैसे जमले. आखातातला माणूस पहिलं काय करतो? बंगला! मी तर आर्किटेक्ट. दोन मजले, वर गॅलरी, पुढे गाडीला पोर्च. पोर्चच्या जागेत ओटा येत होता. पाडला. अम्मा 'छान झालंय रे' म्हणाली. आता रोज दुपारी ती शेजारच्या सकिनाच्या ओट्यावर जाऊन बसते. स्वतःचं एवढं मोठं घर सोडून."

पोर्चमध्ये गाडी कुठली आहे, हे मी विचारलं नाही. गाडी इथे होती आणि साहेब ती चालवत होते.

अम्मांना त्यांनी एकदा शारजाला आणलंही होतं. चार दिवस त्या खिडकीतून खाली बघत राहिल्या. "इथं बसायचं कुठं रे?" एवढंच विचारलं, आणि तिकीट बदलून परत गेल्या. पुन्हा यायला तयार नव्हत्या. साहेबांना निवृत्तीआधीची वर्षं आईबरोबर काढायची होती. त्या चौकात त्यांचा जीव का अडकलाय, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅनेजरने पेच टाकला. म्हणाला, म्हाताऱ्या लोकांनाच विचारा. सर्व्हे करा. साहेब खुशीत आले. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या, म्हणून साहेबांचा पहिला प्रश्न त्यांनाच.

"आई, खाली चौकात तुमच्यासाठी काय पाहिजे?"

"मला? छे हो, मला काही नको. सगळं छान आहे इथे."

मी थक्क. ह्याच बाई सकाळी वॉशिंग मशीनला धरून "अरे देवा" करत उठल्या होत्या. पण मुलाच्या घरी पाहुणं आलेलं माणूस काही मागेल कसं? त्यातून सून शेजारी उभी. शेजारच्या टॉवरमधल्या एका मल्याळी आजींची, अम्मच्चींची, नात त्यांच्या वतीने म्हणाली, "शी सेज नथिंग, अंकल. शी इज फाइन." एक पंजाबी आजोबा, बाऊजी, म्हणाले, "ऐश है जी!" सगळ्यांचं सगळं छान. मॅनेजरने कागद बघितले आणि दात दाखवले.

साहेब दोन दिवस ऑफिसात तेच कागद उलटसुलट वाचत बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या घरी हजर. सोफा टाळून डायनिंगच्या खुर्चीवर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "तुमचं सोडा हो. तुम्ही तर धडधाकट आहात. पण त्या मल्याळी बाई असतात ना तुमच्याबरोबर, त्यांचं कसं?"

झालं! धरण फुटलं. "अहो, त्यांचे फार हाल होतात! पाठ टेकायला नाही, उन्हात डोळे मिटून उभ्या राहतात बिचाऱ्या. दोनदा लघवीला वर पळावं लागलं त्यांना. आणि उठताना धरायला काही नको का? मी देते हात, पण मी रोज असेनच असं नाही ना!" मल्याळी अम्मच्चींनीही नातीमार्फत माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं साद्यंत वर्णन केलं. मला लाज वाटली, कारण त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. बाऊजींनी तर सगळ्या शेजाऱ्यांची दुखणी नावानिशी सांगितली. साहेबांनी ते सगळं मॅनेजरपुढे ठेवलं. शेवटी मॅनेजरलाही आजी होतीच. ठोकळे गेले, बाकं आली.

पुढच्या थंडीत अम्मा आल्या. पहिल्याच संध्याकाळी साहेब त्यांना खाली घेऊन गेले आणि स्वतः शेजारी बसले. हे हात कशाला, ही पाठ अशी कलती का, सावली कुठल्या वेळी कुठे पडते, सगळं आईला समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अम्मा म्हणाल्या, "तू जा बघू आता. तू असलास की बायका येऊन बसत नाहीत."

खरंच होतं ते. समोरचं बाकडं रिकामं होतं. माझ्या सासूबाई, अम्मच्ची, तिसऱ्या टॉवरमधल्या एक सीरियन आजी, सगळ्या लांब उभ्या होत्या. मायलेक बोलताहेत, त्यातला एक पुरुष. तिथे जाऊन कोण बसणार? गावाकडे ओट्यावर बायका बसल्या की घरातला पुरुष मागच्या दाराने जातो, हे साहेबांना कुणी शिकवायला हवं होतं असं नाही. नकाशा काढताना त्यांच्या मनात त्या बाकड्यावर दोनच माणसं होती, एवढंच.

मी संध्याकाळी तिथून जात होते तेव्हा साहेब बकालाच्या दाराशी कागदी कपातला कडक चहा घेऊन उभे होते. चौकात चार म्हाताऱ्या चार भाषांत एकदम बोलत होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं. अम्मांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ऐकतेस ना?" साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "हाच आवाज." मग दुसरीकडे बघत, "बाय, तू जाऊन बस ना त्यांच्यात. तुला चालेल. ऐक जरा, माझं काही बोलते का ती."

मी गेले. अम्मांनी सरकून जागा दिली, माझा हात हातात घेतला आणि दुकानाकडे बोट दाखवलं.

"तू ह्याच्या हापिसातली ना गो? बघ, सगळ्या जगाची बसायची सोय केलंन. आपण मात्र तिथं उभा." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "मी काय, दोन महिन्यांनी जाईन. त्याच्याजवळ येऊन बसेल असं इथं कुणी आहे काय गो?"