माहेरी गेलेली गाय

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ‘मेलं’ हा शब्द काढायला बंदी आहे. कुणी काढलाच, तर डॉक्टर हातातली सुई खाली ठेवतात आणि रस्त्याकडच्या खिडकीबाहेर बघत बसतात. एकदा एक आजी शेळीला म्हणाली, “मेले, गप हुबी ऱ्हा की!” झालं! सुई खाली. आजी कावरीबावरी. शेवटी मीच ओरडले, “आजी, चांगलं बोला, तवाच सुई उचलतील.” आजीनं जरा विचार केला आणि शेळीला म्हणाली, “जगले, गप हुबी ऱ्हा!” डॉक्टर खूश.

वरवंडला हायवेच्या कडेला माझं मेडिकल आणि त्यांचा जनावरांचा दवाखाना भिंतीला भिंत लावून आहेत. मध्ये एक खिडकी आहे, तिच्यातून सगळं ऐकू येतं. म्हणजे मी कान देऊन ऐकते, उगाच खोटं कशाला बोला! डॉक्टर शिरूरकडून इथं एकटेच राहायला आले. बायकोचं विचारलं की एकच उत्तर, “मंदा माहेरी गेलीय.” मी मनात म्हटलं, भांडून गेली असणार. असल्या तऱ्हेवाईक माणसापाशी कोण नांदणार?

आणि ह्या माणसाला खूळ कसलं, तर विम्याचं! गाय असो, म्हैस असो, नाहीतर सोसायटीतलं लाडावलेलं कुत्रं असो, तपासून झालं की लगेच, “विमा उतरवलाय का? धडधाकट हाय तवाच उतरवायचा. आजारी पडल्यावर कुणी इचारत न्हाई.” इथवर ठीक. पण विमा कशासाठी, हे सांगायची वेळ आली की गाडी अडायची. जनावर मेलं तर, असं म्हणायची सोय नाही ना! मग डॉक्टर घसा खाकरून म्हणायचे, “समजा, ही माहेरी गेली... आन् परत आलीच न्हाई, तर?”

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे आणि मान डोलवून निघून जायचे.

खुटबावच्या पारूमावशींनी मात्र हे मनावर घेतलं. त्यांचं घर सोनी नावाच्या एकुलत्या एका गाईच्या दुधावर चालतं. विमा उतरवला, सोनीच्या कानात विम्याचा बिल्ला बसला. थोड्याच दिवसांत मावशी दवाखान्यात हजर.

“डॉक्टर, माझी सोनी माहेरी गेली.”

डॉक्टर मटकन खाली बसले. तोंड पांढरंफटक. “कवा?”

“काल. दावं तोडून.”

“दावं... तोडून?”

“व्हय. कासुर्डीला, जिथनं इकत आणली त्याच गोठ्यात जाऊन हुबी ऱ्हायलीय. मालक म्हणतोय, घिऊन जा. म्हणलं, आधी इम्याचं बघू. तुम्हीच म्हणला व्हता न्हवं, माहेरी गेली तर पैशे मिळत्यात?”

मी इतकी हसले की हातातली खोकल्याच्या औषधाची बाटली फुटली. डॉक्टर हसले नाहीत. चाचरत म्हणाले, “तसं न्हाई मावशी. असं गेल्यावर पैशे मिळत न्हाईत.”

मावशींचा पारा चढला. “मग कशापायी माझ्या गाईचा कान टोचला? काढा तो बिल्ला! आत्ताच्या आत्ता!”

“नका मावशी. बिल्ला गेला की विमा गेला. उद्या सोनीचं काही झालं तर घर कशावर चालवाल?”

“मग माहेरी गेली मंजी काय, ते सरळ सांगा!”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

“मेली, मावशी,” ते म्हणाले. “गाय मेली तर पैशे मिळतात. माहेरी गेली म्हंजी मेली.” मग खाली मान घालून, “आमची मंदाबी.”

मावशी तिथंच त्यांच्याशेजारी टेकल्या, त्यांचा हात हातात घेतला. “आरं माझ्या लेकरा! मग सरळ बोलावं की. बोलल्यानं मरण येत न्हाई. आन् मेली म्हणल्याबिगर तू रडणार तरी कवा?”

डॉक्टर रडले. भरल्या दवाखान्यात, शेळ्या-मेंढ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. मी खिडकीतून पाण्याची बाटली पुढं केली.

सोनीला आणायला डॉक्टर स्वतः टेम्पो घेऊन कासुर्डीला गेले. मावशी पुढं बसून वाटभर मंदावहिनींचं विचारत होत्या आणि डॉक्टर सांगत होते, असं मावशीच मला म्हणाल्या. बिल्ला अजून सोनीच्या कानात आहे. मावशींचं बघून खुटबावातल्या आणखी दोघी-तिघी आपापल्या गाई घेऊन विमा उतरवायला आल्या.

काल एक जोडपं मोठं केसाळ कुत्रं घेऊन आलं होतं. डॉक्टरांनी विम्याचा विषय काढला. मी खिडकीला कान लावला. डॉक्टर एकदम स्पष्ट म्हणाले, “उद्या हा मेला, तर...”

मी चाट! वाकून बघितलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कुत्र्याचे कान घट्ट झाकून धरले होते.

माझ्याकडं बघून म्हणाले, “ह्याला कशाला ऐकवायचं?”