गडग्यावरचा गुलाबी ब्रश

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. माझ्याकडे दोन्ही आहेत! वय सहासष्ट, तोंडात सगळेच्या सगळे दात आणि डब्यात घरचे काजू. सोबत बसून खायला कोणी नाही, एवढंच.

नाव माझं सत्यवान. पण आमच्याकडे यमानं उलटा कारभार केला, माझ्या लक्ष्मीला आधी नेलं. ओरोसच्या सरकारी कचेरीत जन्मभर मी साहेबांशी वाद घातला, आणि नेमका यमापुढे गप्प बसलो. लेक नम्रता पुण्यात असते. रविवारी फोन करते, "जेवलात का?" विचारते. मी जेवलो म्हणतो. झालं बोलणं!

तर दात! त्यांचं रहस्य म्हणजे आंब्याचं पान. दुमडायचं आणि घासायचं. आणि आमच्या वाडीत दात घासणं हे एकट्यानं करायचं काम कधी नव्हतंच. सकाळी तोंडात पान नाहीतर ब्रश धरून जो तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात यायचा, चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीला टेकायचा आणि फेसाळल्या तोंडानं गजाली सुरू! गडग्यापलीकडच्या डोरथीबाय तर एका घासण्यात सगळ्या गावाच्या बातम्या द्यायच्या. पण मग पर्यटक आले, घरोघरी राहण्याजेवणाची सोय झाली आणि घरोघरी बेसिन आलं. डोरथीबायच्या मुलानं, जोनाथननं तर गोव्याहून आरशासकट आणलं. आता त्या आत आरशात बघत घासतात. सगळी वाडीच आत घासते. बाहेर उरलो मी, आंब्याचं पान आणि एक कावळा. कावळ्याला दात नसल्यामुळे विषय फार लांबत नाही.

अशात एकदा पेरूचा चावा घेतला, तर पांढरा पेरू लाल! मालवणात डॉक्टर सँड्रीनांकडे गेलो. मुलगी माझ्या नम्रताच्या वयाची. खुर्चीत बसता बसता मी बजावलं, "नीट बघून घ्या! असे दात तुम्हाला पुस्तकातच दिसतील! नुसत्या आंब्याच्या पानावर राखलेत!"

तिनं बघितलं. "दात छान आहेत काका. हिरड्यांचं काय? दातांच्या मुळाशी कीटण साचून दगड झालाय. त्यातून पानाच्या शिरेनं खरवडून ठेवल्यात. खालची वाळू समुद्रानं नेली, तर माड किती उंच आहे त्याला काय अर्थ?"

मी वाद घालणारच होतो. पण तोंडात तिची हत्यारं होती.

दात साफ करून तिनं सांगितलं, "मऊ ब्रश घ्या. हलक्या हातानं, हिरडीकडून दाताकडे. सकाळी आणि रात्री जेवल्यावर. थोडे दिवस कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. ब्रश उभा ठेवून वाळू द्या आणि तीन महिन्यांनी बदला." मी उठता उठता तिला आमच्या काजूंची हकिगत सांगायला घेतली. ती हसून म्हणाली, "काका, बाहेर पेशंट थांबलेत."

आता सकाळी घासायचं आणि रात्री घासायचं, म्हणजे ब्रश दोन! रात्री झोपताना सकाळचेच कपडे घालतो का आपण? दुकानात मऊ ब्रश दोनच उरले होते, एक निळा, एक गुलाबी. दोन्ही आणले, स्टीलच्या पेल्यात उभे केले आणि पेला ठेवला गडग्यावर उन्हात.

दुसऱ्या दिवशी मासेवाली सुगंधा आली. टोपली उतरवता उतरवता तिची नजर पेल्यावर पडली. ज्या माणसानं जन्मात ब्रश धरला नाही त्याच्या गडग्यावर दोन, आणि त्यातला एक गुलाबी!

"तात्यानू, घराक कोण इला काय?"

माझ्या तोंडात मिठाचं पाणी! गाल टम्म! थुंकावं, तर बाईमाणूस समोर. गिळावं, तर खारट. मी नुसतं "हूं" केलं.

"बायल हाडलास काय?"

"हूं! हूं!" म्हणजे नाही, नाही, कसली बायको आणतोय! पण तोवर सुगंधानं टोपली डोक्यावर चढवली होती. मासे न विकता कोळीण पुढे पळताना मी पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी डोरथीबाय आल्या, हातात खाज्याचा पुडा. "सत्यवान, मी शेजारीण मा रे तुझी? माका आधी सांगूचा नाय?"

"काय सांगूचा?"

"खा, खाजा खा!" त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत.

खाजं म्हणजे गुळात घोळलेला दगडच. माझ्या सोललेल्या हिरड्यांना ते कुठलं झेपायला! मी पुडा तसाच बाजूला ठेवला.

"तिच्यासाठी ठेवलंस!" डोरथीबायच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागोमाग गावकरी बाबली आला. गावकरी म्हणजे देवापुढे वाडीच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. नंतर मग रीघच लागली! कोणी फणस, कोणी कोकमं, कोणी नुसतंच कुतूहल घेऊन आलं. लक्ष्मीनंतर पहिल्यांदाच मी मोठं पातेलं काढून चहा टाकला. पडवीत बसायला जागा उरली नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, मला कळत होतं. पण सांगितलं की सगळे चपला शोधायला लागणार, हेही कळत होतं. बाबलीनं विचारलं, "खंय आसा ती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत निजलीहा. तिका बरा नाय."

झालं! तीन दिवस ती निजूनच होती, आणि तीन दिवस माझ्याकडे माणसं होती. सकाळी डोरथीबाय चक्क ब्रश घेऊन गडग्यावर! बेसिन आत वाळत पडलं. घासता घासता त्या म्हणाल्या, "आता तुझी काळजी नाय रे." मला फार बरं वाटलं, आणि तितकीच लाजही वाटली.

बाबली म्हणाला, "सत्यवाना, बरा केलंस. पण देवाक सांगल्याशिवाय संसार सुरू करूचो नसता. आयतवारी तुझ्या खळ्यात गाऱ्हाणा घालतंय." नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यात कोणीतरी केळं कोंबलं.

रविवारी सकाळी तुळशीपुढे सगळी वाडी हजर. बाबलीनं नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

"ह्या सत्यवानान आज जो काय नवो संसार मांडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. नम्रता! डोरथीबायनी तिचं फोनवर अभिनंदन केलं होतं. डोळे लाल, हातात बॅग. "बाबा, मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?" म्हणाली आणि थेट आत शिरली. माजघर, न्हाणीघर, माळा, सगळीकडे दारं आपटल्याचे आवाज आले. ती बाहेर आली.

"आत कोणीच नाही!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी गडग्यावरचा पेला उचलला आणि गुलाबी ब्रश वर धरला. "ही रात्रीची," मी म्हणालो. "सकाळचो निळो." मग डॉक्टर, हिरड्या, मिठाचं पाणी, सगळं ओकलो.

"मेल्या!" बाबली ओरडला. "नारळ हातात घेतलेलो आसा! देवाक हाक मारून झाली! आता काय सांगू त्येका?" कपाळावरचा घाम पुसून त्यानं पुन्हा डोळे मिटले.

"तर बा देवा म्हाराजा! ह्या सत्यवानाच्या हिरड्यांतसून जा काय रगात येता..."

"व्हय म्हाराजा!"

"ता बंद कर! दोन येळ घासूची त्येका बुद्धी दी! आणि खोटा बोलतलो तर दात पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हे सगळ्यांत जोरात डोरथीबाय म्हणाल्या.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, खळं रिकामं झालं. नम्रतानं चहा केला. कप माझ्या हातात देत म्हणाली, "कोणी आत असतं, तर मी रागावले नसते हो, बाबा." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे." त्या रात्री आम्ही दोघांनी खळ्यात उभं राहून दात घासले. दुसऱ्या दिवशी तिला रजा नव्हती, रात्रीच्याच गाडीनं गेली.

आता हिरड्या झकास आहेत. रक्त नाही, दगड नाही. डोरथीबाय परत बेसिनवर गेल्या. नम्रता हल्ली बुधवारीही फोन करते, "घासलेत का?" विचारते. कावळा नियमित येतो.

तीन महिने होत आले, ब्रश बदलायला हवेत. परवा दुकानात बघून ठेवलाय, लहान पोरांचा, मऊ, मुठीवर ससा असलेला. डॉक्टरांनी मऊ घ्या म्हटलंय, बाकी माझ्या मनात काही नाही! फक्त घरात चहाची पावडर आहे ना, तेवढं आधी बघून ठेवतो.