रिव्हर्समधलं आदर्श गाव

सावरदऱ्याचे सरपंच काकासाहेब यांच्या नव्या कोऱ्या गाडीला कंपनीने परत बोलावलं, तेव्हा काकासाहेबांना आधी अपमानच वाटला. ग्रामसेवक अंगदने मोबाईलवरचा संदेश मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला असून रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीनवर पूर्वीचंच एखादं दृश्य अडकून राहू शकतं, सबब वाहन नगरच्या सर्व्हिस सेंटरला मोफत दुरुस्तीसाठी आणावं आणि तोवर चालकाने स्वतः मान वळवून मागे पाहावं, असा त्याचा मजकूर होता. मान वळवायची सूचना काकासाहेबांना फारच झोंबली. सरपंच झाल्यापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

दोष त्यांना ठाऊक होता. गाडी आणली तो दिवस आदर्श गाव स्पर्धेच्या तपासणीचा. पेढे वाटून झाले, चौकात गाडी रिव्हर्स घेतली, स्क्रीनवर चौक उमटला आणि तिथेच चिकटला तो चिकटला. पण काय देखणा चौक होता तो! उघड्या गटारावर पत्रे, पत्र्यांवर माती, मातीवर रांगोळी. लिंबाच्या हिरव्यागार फांद्या रोवून केलेलं वृक्षारोपण. गावातले सगळे उकिरडे आदल्या दिवशी ट्रॉलीत भरून शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकलेले. दुसऱ्या दिवशी पत्रे ज्याने त्याने गोठ्यावर नेले, फांद्या शेळ्यांनी फस्त केल्या आणि उकिरडे तर लोकांनी पाटीभरसुद्धा कमी होऊ न देता परत आणले, कारण स्पर्धा येते आणि जाते, शेणखत रानाला दरसाल लागतं. स्पर्धेच्या दिवसाचं गाव उरलं ते फक्त काकासाहेबांच्या गाडीत.

त्या दिवशी सावरदरे तालुक्यात पहिलं आलं. याचं मोल बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. काकासाहेब उभ्या जन्मात जिथे जिथे गेले, पारनेरच्या बाजारात, नगरच्या कचेरीत, बेलापूरच्या पाहुण्यांकडे, तिथे तिथे गावाचं नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, हे राळेगणच्या कुठल्या अंगाला आलं? बिचारा माणूस आयुष्यभर कुठल्या तरी अंगालाच राहिला. किताब मिळाला आणि लोक सावरदऱ्याला सावरदरे म्हणू लागले. आणि नेमकी आता कुणाची तरी दृष्ट लागून फेरतपासणी निघाली. नापास झालं की किताब रद्द, आणि काकासाहेब पुन्हा राळेगणच्या अंगाला.

त्यांनी गावाला हात जोडून पुन्हा उकिरडे हलवायची विनंती केली. लोक म्हणाले, एकदा हलवले, अब्रू राखली, आता दर वेळी कोण कंबर मोडून घेणार? पत्रेही कुणी देईना. सरपंचांना जेवण जाईना. शेवटी एका सकाळी ते एकटेच गाडीत जाऊन बसले, रिव्हर्स टाकला आणि स्क्रीनकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. सगळं गाव जागच्या जागी होतं.

तेवढ्यात सर्व्हिस सेंटरच्या जीशानचा रोजचा फोन आला. गाडी आणा काका, मागचं खोटं दिसतंय, कुणीतरी चाकाखाली येईल, असं तो कळवळून सांगत होता.

"खोटं न्हाई रं बाबा, जुनं हाय," काकासाहेब म्हणाले. "त्या दिवशी आमी तसेच हुतो."

पुढचं काम अंगदने केलं. तपासणी समितीच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला कलम सापडलं की पाहणी शक्यतो डिजिटल साधनाद्वारे करावी, नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी व्यक्तिनिष्ठ ठरते. समितीप्रमुख, श्रीमंत आडनावाचे साहेब, भर उन्हात वेशीवर उतरले, तेव्हा त्यांना हे कलम वाचून दाखवून थंडगार गाडीत बसवण्यात आलं. काचा काळ्या होत्याच. समोरच्या काचेलाही पडदा लावला, कारण रिव्हर्समध्ये पुढे बघण्यासारखं काही नसतं. आणि गावाची तपासणी उलट्या गिअरमध्ये सुरू झाली.

बाहेर हलकल्लोळ माजला. कोंबड्या उडाल्या, दोरीवरची गोधडी गाडीने टपावर घेतली, पारावरची मंडळी जीव मुठीत धरून मारुतीच्या देवळात शिरली. आत मात्र स्क्रीनवर रांगोळी घातलेला चौक, आणि त्यात चिटपाखरू नाही. काकासाहेबांनी एकदाही मान वळवली नाही. समितीच्या देखत मान वळवणं म्हणजे डिजिटल साधनावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. शाळा आली, स्क्रीनवर चौक. दवाखाना आला, चौक. वरची आळी, खालची आळी, चौक आणि चौक. साहेब बराच वेळ टक लावून पाहत राहिले आणि मग भारावून म्हणाले, "विकास इतका समसमान मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही."

त्याच क्षणी धाडकन आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग खाली गेला. काचेवर टकटक झाली. गटाराकडेला राहणारी म्हातारी आक्काबाई काठी टेकत उभी होती. गाडी येताना बघून ती कशीबशी भिंतीला चिकटली होती, म्हणून वाचली.

"सरपंच," ती म्हणाली, "तुमी गटारात हाय."

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. रांगोळी शाबूत होती. या बाई काय म्हणताहेत, असं त्यांनी विचारलं. स्वागत करताहेत, असं अंगदने सांगितलं. मग साहेबांच्या बुटांत पाणी शिरलं. "आमची नळयोजना, साहेब," काकासाहेब नम्रपणे म्हणाले. "दारोदार पाणी पोचलंय." साहेबांनी नाकाला रुमाल लावला, थोडा विचार केला आणि वासाला गुण नसल्याने तो विचारात घेता येत नाही असा निर्वाळा दिला. मग ढोपरभर पाण्यात बसून त्यांनी बंदिस्त गटारासाठी पैकीच्या पैकी गुण दिले. किताब कायम राहिला. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली.

एवढं झाल्यावर जीशान स्वतःच लॅपटॉप घेऊन गावात आला. कपभर चहा निवायच्या आत त्याने सॉफ्टवेअर बदललं आणि रिव्हर्स टाकला. निम्मं गाव गाडीच्या खिडक्यांतून डोकावत होतं. स्क्रीनवर उघडं गटार दिसलं, त्याच्या काठाशी डोंगराएवढा उकिरडा, आणि गटारातल्या दोन दगडांवरून लुगडं वर धरून तोल सावरत पलीकडे जाणारी आक्काबाई. त्या दिवशी म्हातारी या चाकाखाली येणार होती, हे काकासाहेबांना आता दिसलं. मग सगळ्या गावाने जीशानकडे पाहिलं. एवढं चांगलं गाव होतं, ह्या पोरानं पार वाटोळं केलं, असं लोक म्हणू लागले. गटार त्यांच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर होतं, पण मान कुणी वळवली नाही. जुनंच सॉफ्टवेअर घाल, अशी एकमुखाने मागणी झाली. जीशान म्हणाला की ते आता शक्य नाही, यापुढे स्क्रीनवर मागे जे आहे तेच दिसणार.

काकासाहेबांना ती रात्र फार जड गेली. म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना. गटार बांधूनच काढावं, असंही एकदा मनात आलं. सकाळी त्यांनी अंगदला पारनेरला पिटाळलं आणि तपासणीच्या दिवसाच्या चौकाचा भलामोठा फ्लेक्स छापून आणला. कोपऱ्यात हात जोडलेले स्वतः काकासाहेब. गटारापुढे दोन बांबू रोवून तो ताणून बांधला. आता कॅमेराही निर्दोष आहे आणि त्यात दिसणारा चौकही निर्दोष आहे. आक्काबाई फ्लेक्सच्या मागून येते-जाते, त्यामुळे ती कुणाच्या चाकाखाली यायचा प्रश्नच उरला नाही.

आदर्श गाव बघायला लांबलांबून लोक येतात. मध्यंतरी एका रविवारी तुम्हीही सहकुटुंब येऊन गेलात. फ्लेक्सकडे पाठ करून सेल्फी काढायला मोबाईल समोर धरलात, तेव्हा फ्लेक्सच्या खालून गटार दिसत होतं आणि त्यातल्या दगडावर एक म्हातारा पाय. तुम्हाला दोन्ही नीट दिसलं. मग तुम्ही मोबाईल जरासा वर उचललात आणि तेवढंच आभाळ जास्त घेतलंत. फोटो छान आला. तुमच्या कॅमेऱ्यात काही दोष नव्हता.